निरगाठीची व्युत्पत्ती

ट्रकवर सामान बांधायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं, असं जे आमच्या इमारतीत सांगितलं जातं ते साफ खोटं आहे. ते काम माझ्या अंगावर येऊन पडलं. मी फक्त बाजूला झालो नाही.

झालं असं, की आमच्या हिला शिवणकामासाठी एकदाची खोली मिळाली. इतकी वर्षं ती घरातच शिवत होती. दिवाणखान्याच्या मधोमध तिचं कापड बेतायचं टेबल होतं आणि उरलेल्या जागेत आम्ही राहत होतो. पाहुणा आला की त्याला टेबलाच्या कडेकडेनं आडवं चालत सोफ्यापर्यंत जावं लागे. बसला की कुणाचा तरी बाही नसलेला कोट त्याच्या मांडीवर येई. टेबलाच्या एका कोपऱ्यावर आम्ही जेवत असू. त्या कोपऱ्याच्या बाहेर ताट सरकलं तर ती पोलिसासारखा हात आडवा करी.

ज्या खोलीबद्दल बोलतोय, ती म्हणजे पूर्वीचं गॅरेज. भर रस्त्यावर, उजेडाचं, पुढे वर सरकणारं लोखंडी शटर. मालकीणबाई एका मोठ्या रुग्णालयात मेट्रन होत्या. निवृत्त झाल्या तरी जगाकडे त्या अजून वॉर्डासारखंच बघतात. त्यांनी हिला सांगितलं होतं, "शनिवारी संध्याकाळी मी बहिणीकडे निघणार, महिनाभर येणार नाही. निघायच्या आधी सामान आत आलेलं मला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. दिसलं तर खोली तुमची. नाहीतर मोबाईलवाला थांबलाय." मोबाईल दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचं अख्खं दुकान एका ब्रीफकेसमध्ये मावत होतं, त्यामुळे तो केव्हाही आत शिरू शकत होता. ह्याआधी हिनं पाहिलेल्या खोल्या कुणी ना कुणी अशाच हिच्या नाकासमोरून नेल्या होत्या. ही वरवर म्हणत होती, "नाही मिळाली तर नाही, घर आहेच." पण शुक्रवारी तिनं त्याच त्या सुया तीन डब्यांतून काढून परत त्याच डब्यांत भरल्या. तिला ती खोली किती हवी होती ते मला दिसत होतं, आणि तिच्याइतकीच मलाही हवी होती. सोफ्यापर्यंत सरळ चालत जायची माझीही इच्छा होती, हे नाकारत नाही.

शनिवारी दुपारी ट्रक आला. मी त्याला टेंपो म्हणालो, त्यामुळे ड्रायव्हरशी आमचे संबंध सुरुवातीलाच थोडे बिघडले. "ट्रक आहे साहेब," तो म्हणाला. "लहान असला म्हणून काय झालं." त्याच्याबरोबर दोन हमाल होते. त्यांनी टेबल जिन्यावरून उतरवलं, ट्रकवर चढवलं, टेबलाखाली शिलाई मशीन ठेवलं, हात झटकले आणि निघाले.

"अहो, बांधायचं कुणी?" मी विचारलं.

"चढवणं आमच्यात येतं. बांधणं आमच्यात येत नाही," एक जण म्हणाला.

"मग कुणात येतं?"

त्यानं ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हरनं आकाशाकडे बघितलं.

"काही होत नाही साहेब," हमाल गेल्यावर ड्रायव्हर म्हणाला. "वजनानं बसून राहतं. मी आजपर्यंत काहीच बांधलेलं नाही."

"आणि काही पडलं नाही?"

"पडलं ना. पण तेव्हाही काही झालं नाही."

एवढ्यात ही कापडाची गाठोडी घेऊन खाली आली. टेबलाचा गुळगुळीत पृष्ठभाग, खालचं मशीन आणि ड्रायव्हरचा चेहरा हे तिन्ही बघून तिनं निकाल दिला, "बांधल्याशिवाय गाडी हलणार नाही." आणि उरलेलं सामान आणायला परत वर गेली.

आता मी बाजूला होऊ शकलो असतो. पण आदल्याच आठवड्यात मी फोनवर एका दाढीवाल्या गृहस्थांना ट्रकवाल्यांची पिढीजात गाठ मारताना पाहिलं होतं. मोठी सुरेख युक्ती आहे. दोर सामानावरून घ्यायचा. मध्येच त्याच दोराचा एक छोटा फास करायचा. मग दोराचं टोक ट्रकच्या कडेच्या लोखंडी कडीतून घालून वर आणायचं, त्या फासातून ओवायचं आणि खाली खेचायचं. विहिरीच्या रहाटासारखा जोर मिळतो. एक माणूस तीन माणसांचं काम करतो. मी घरी धुण्याच्या दोरीनं स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर प्रयोगही केला होता. खुर्चीचा पाय निखळला, ह्यावरून गाठीची ताकद लक्षात यावी. हिच्या मते ह्यावरून दुसरंच काहीतरी लक्षात येतं.

दोर मात्र हवा होता, आणि तो सोसायटीकडे होता. पाण्याची टाकी साफ करणाऱ्या माणसाला खाली सोडण्यासाठी सोसायटीनं अंगठ्याएवढा जाड, नवाकोरा सुती दोर घेतला होता. मी सेक्रेटरींचं दार वाजवलं.

"दोर द्यायला माझी हरकत नाही," ते म्हणाले. "पण मी एकटा ठरवू शकत नाही. खजिनदारांची परवानगी लागेल."

"खजिनदार कुठे भेटतील?"

"खजिनदार मीच आहे. पण त्या कामासाठी मी संध्याकाळी बसतो."

मी त्यांना समजावून सांगत होतो की संध्याकाळपर्यंत आमची खोली जाईल. ते मला समजावून सांगत होते की एकदा दुपारी खजिनदार झालं की लोकांना सवय लागते. तेवढ्यात ही जिन्यावरून उतरता उतरता म्हणाली, "भाऊ, तुमच्या पँटची चेन आज बसवून ठेवणार होते. पण आता मशीनच बांधलेलं नसेल तर कसं काय जमायचं." सेक्रेटरी उभ्या उभ्या खजिनदार झाले. दोर देताना त्यांनी एवढंच बजावलं, "कापायचा नाही. मागच्या दोराचे तुकडे करून सभासदांनी कपडे वाळत घातले. हा आला तसा अखंड परत यायला पाहिजे. सभेत ठराव झालाय."

मी दोर खांद्यावर टाकून खाली आलो, तर ट्रकभोवती जाणकारांची सभा भरली होती. आमच्या इमारतीत कुणी खिळा ठोकायला घेतला तरी चार माणसं हातोडीवर मत देतात. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर दवाखाना उघडा टाकून आले होते. "गाठींशी माझा रोजचा संबंध आहे," ते म्हणाले. "फक्त माझा दोरा बारीक असतो." त्यांच्या दवाखान्याच्या दारात एक पेशंट गालावर हात धरून उभा होता, तोही बघत होता. दुसरे कसरत मास्तर. शाळेत त्यांनी आयुष्यभर मुलांना दोरावर चढवलं, त्यामुळे दोर ही आपली खाजगी मालमत्ता आहे अशी त्यांची समजूत. "गाठ मारताना श्वास सोडायचा," ते म्हणाले. "श्वास धरून मारलेली गाठ धरत नाही." डॉक्टर म्हणाले की ह्याला काही आधार नाही. मास्तर म्हणाले की आधार दोराला लागतो, श्वासाला नाही. मी दोघांनाही हातानं थोपवलं आणि कामाला लागलो.

इतक्यात वरून हिचा आवाज आला. घर बंद करता करता ती खिडकीतून ओरडत होती.

"अहो, सुरगाठ मारा हं! सुरगाठ! निरगाठ अजिबात मारू नका!"

इथे थोडं थांबावं लागेल. माझा व्यवसाय सांगायला हवा. मी एका मोठ्या कार्यालयात सूचनाफलकांची भाषा तपासतो. "येथे थुंकू नये" आणि "येथे थुंकणे मना आहे" ह्यांतला फरक मी लोकांना समजावून सांगू शकतो, आणि बरेचदा सांगतो. शब्द कुठून आला हे कळलं की त्याचा अर्थ चुकत नाही, ही माझी श्रद्धा आहे. तेव्हा ट्रकच्या चाकावर एक पाय ठेवून मी विचार केला. निर् म्हणजे नसलेला. निर्धन म्हणजे ज्याच्याजवळ धन नाही. निर्जन म्हणजे जिथे जन नाहीत. म्हणजे निरगाठ ही नावाचीच गाठ. जरा ओढली की सुटली. गाठ असून नसल्यासारखी. आणि सुरगाठ? सुर म्हटलं की सुरक्षित आलं, सुरळीत आलं. म्हणजे घट्ट, भरवशाची, हलणार नाही अशी ती सुरगाठ. हिला तीच हवी होती, आणि का हवी होती तेही मला पटलं.

"वहिनी अगदी बरोबर सांगतायत," डॉक्टर म्हणाले.

"अर्थात," मी म्हणालो.

"सुरगाठच पाहिजे इथे," मास्तर म्हणाले.

"दुसरा प्रश्नच नाही," मी म्हणालो. आमच्या इमारतीत एखाद्या विषयावर सगळ्यांचं असं एकमत झाल्याचं मला आठवत नाही.

मग मी बांधलं. फास करताना त्याला दोन वेढे जास्तच दिले, टोक खेचलं, आणि शेवटाला एकावर एक अशा, मला सुरगाठी वाटलेल्या गाठी मारल्या. ट्रकच्या दोन्ही बाजूंना, आडव्या आणि उभ्या. डॉक्टरांनी एक पाय ट्रकच्या फळीला लावून खेचलं. मास्तरांनी श्वास सोडत खेचलं. टेबल कण्हलं. गालावर हात धरलेल्या पेशंटनंही मदत केली, आणि त्या वेळी त्याचा हात गालावरून निघाला हे मी पाहिलं. ही खाली आली. तिनं दोराला बोट लावलं, तर तारेसारखा आवाज झाला.

"बांधलंत की हो छान," ती म्हणाली.

हिच्या तोंडून घरकामाबद्दल असं वाक्य मी क्वचित ऐकलेलं आहे. गाठीकडे तिनं नीट बघितलं नाही, हा पुढच्या चर्चेत तिचा एकमेव कमकुवत मुद्दा ठरला.

आम्ही तिघं पुढे बसलो. ड्रायव्हर, मी, आणि मांडीवर कापडाचं गाठोडं घेतलेली ही. तिच्या गळ्यात माप घ्यायची पट्टी तशीच राहिली होती, घाईत काढायची विसरली होती. चौकात हवालदारानं हात केला.

"कागद बघायचे असतील," ड्रायव्हर म्हणाला आणि त्याचा चेहरा उतरला. पण हवालदाराला कागद नको होते. तो मागे जाऊन ट्रकभोवती फिरला. मी खाली उतरलो.

"हे कुणी बांधलं?"

"मी," मी म्हणालो. माणसाला अटक होणार असते तेव्हा आवाज असाच निघत असावा.

"वा!" हवालदार म्हणाला. "हे बघा, असं बांधायला पाहिजे. रोज सांगतो मी ह्या लोकांना." आणि त्यानं मागून येणारा लाकडाचा ट्रक थांबवला, नंतर गाद्यांचा थांबवला. त्या ड्रायव्हरांना खाली उतरवून त्यानं माझ्या गाठीपुढे उभं केलं. "साहेबांनी स्वतः बांधलंय. ऑफिसमध्ये काम करणारा माणूस आहे. तुम्हाला लाज वाटायला पाहिजे." तिसरा ट्रक लागेपर्यंत माझं भान सुटलं होतं. मी रहाटाचं तत्त्व समजावून सांगायला सुरुवात केली होती. मागे हॉर्न वाजत होते. पुढून हिनं डोकं बाहेर काढलं आणि माझं नाव न घेता, फक्त एका "अहो"त, मालकीणबाई निघून जातील, मोबाईलवाला बसेल आणि ह्याला सर्वस्वी तुम्ही जबाबदार असाल, एवढं सगळं सांगितलं. मी हवालदाराचा निरोप घेतला. त्यानं मला सलाम केला. तो सलाम मी आजही विसरलेलो नाही, कारण त्या दिवशीचा माझा सन्मान तिथेच संपला.

पुढच्या रस्त्यावर दुभाजकातल्या झाडांना पाणी घालणारा टँकर चालला होता. नळी धरलेला माणूस फोनवर बोलत होता. फोनवर बोलताना माणूस मान वळवतो तसं त्यानं सबंध अंग वळवलं, आणि आमच्या मागच्या सामानावर पाण्याचा भरघोस फवारा बसला. ही "कापड!" म्हणून ओरडली, पण कापड तिच्याच मांडीवर होतं. टेबल पुसता येईल, मशीनवर गोणपाट आहे, तेव्हा काही बिघडलं नाही असं आमचं सगळ्यांचं मत पडलं. सुती दोर भिजला की आवळतो, ही गोष्ट ज्या माणसानं सांगायला हवी होती तो ट्रक चालवत होता, आणि त्यानं आयुष्यात काहीच बांधलेलं नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा मालकीणबाई पायरीवर उभ्या होत्या. बॅग भरलेली, घराला कुलूप, मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला. त्यांच्या शेजारी मांडीवर ब्रीफकेस घेऊन मोबाईलवाला बसला होता. टक्कल पडू लागलेला, सभ्य माणूस. आम्हाला बघून त्याचा चेहरा पडला, आणि मला त्याचं वाईटही वाटलं. पण तेवढंच.

"माझी गाडी येईलच," मालकीणबाई म्हणाल्या. "चला, सामान आत घ्या."

मी गाठीला हात घातला. गाठ दगड झाली होती. मी नखं लावली. नखं गेली. ड्रायव्हरनं दात लावून पाहिले. त्याला दातांच्या डॉक्टरांचा पत्ता द्यावा असं मला वाटून गेलं. ही पुढून उतरून आली, गाठीवर वाकली, आणि वाकलेलीच राहिली.

"ही काय मारलीत?"

"सुरगाठ."

"ही सुरगाठ?"

"तूच म्हणालीस ना सुरगाठ मारा."

"अहो, ही निरगाठ आहे! निरगाठीवर निरगाठ आहे! सुरगाठ म्हणजे एक टोक ओढलं की सुटते ती!"

"ते शक्य नाही," मी म्हणालो. "निर् म्हणजे—"

"निर् म्हणजे काय ते मला सांगू नका. पायजम्याची नाडी कधी बांधली नाहीत का जन्मात?"

खरोखरच नव्हती बांधली. मी लहानपणापासून इलॅस्टिकवाला माणूस आहे. आधी आई घालून देत असे, लग्नानंतर ही स्वतःच मशीनवर घालून देते. बूट मी बिनलेसचे वापरतो. सुरगाठ आणि निरगाठ हे दोन्ही शब्द माझ्या वाचनात भरपूर आले होते, कमरेला मात्र एकही आला नव्हता. मी हे तिला सांगायचा प्रयत्न केला. मालकीणबाई ऐकत होत्या, आणि नवराबायकोच्या संभाषणात पायजमा आल्यामुळे त्यांनी घड्याळात बघितलं.

"कापून टाका," ड्रायव्हर म्हणाला.

सोसायटीचा ठराव माझ्या डोळ्यांसमोर आला आणि लगेच गेलाही. "काप," मी हिला म्हणालो. "सेक्रेटरींना मी बघून घेईन. काढ कात्री."

"कात्री टेबलाच्या खणात आहे."

आम्ही सगळ्यांनी खणाकडे पाहिलं. खणाच्या मुठीवरून माझा दोर गेला होता, आडवा आणि उभा. बोटभरसुद्धा फट नव्हती. दुपारी बंद झालेली आजूबाजूची दुकानं अजून उघडली नव्हती. मालकीणबाईंकडे सुरी मागितली तर त्या म्हणाल्या की घराला कुलूप लागलंय आणि एकदा लावलेलं कुलूप प्रवासाला निघताना त्या उघडत नाहीत. मग मोबाईलवाल्यानं ब्रीफकेस उघडली. आम्हाला वाटलं, आता तो आत जाऊन बसणार. पण त्यानं डोळ्याला एक भिंग लावलं, हातात चिमटा घेतला आणि माझ्या गाठीपाशी गुडघ्यावर बसला.

"बघू," तो म्हणाला. "मला असलं काही दिसलं की राहवत नाही." आणि तो गाठीचा एकेक धागा चिमट्यानं उकलू लागला. हा माणूस स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतोय हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. मी ते आणून दिलं नाही.

रस्त्याच्या टोकाला मालकीणबाईंची गाडी दिसली. त्यांनी बॅग उचलली.

"माझा नाइलाज आहे," त्या हिला म्हणाल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. आवाज खाली आणून बोलल्या. "मी सांगितलं होतं. सामान आत दिसलं पाहिजे. महिनाभर खोली उघडी टाकून, कोण येतंय कोण नाही हे न बघता मी जाऊ शकत नाही."

 गळ्यातली पट्टी हिनं हातात घेतली आणि बोटाला गुंडाळायला लागली. रडू येतं तेव्हा ही काहीतरी गुंडाळत बसते.  मी एक मूर्ख माणूस आहे असं मी त्या क्षणी मनातल्या मनात म्हणालो, आणि त्यात व्याकरणाची एकही पळवाट ठेवली नाही. मी मालकीणबाईंचे पाय धरायच्या तयारीत होतो. तेवढ्यात हिचं गुंडाळणं थांबलं. तिनं पट्टी उलगडली, ट्रकची रुंदी मोजली. मग जाऊन शटरची मोजली.

"ड्रायव्हरदादा," ती म्हणाली, "मागे घ्या."

"कुठे मागे?"

"आत."

"आत कुठे? खोलीत?"

"गॅरेजच आहे ते. घ्या मागे."

ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागला. मी हिच्याकडे बघत होतो. "दादा, घ्या म्हणतेय ना," असं ती परत म्हणाली तेव्हा तो मुकाट्यानं चढला. मोबाईलवाला भिंग न काढता ट्रकबरोबर गुडघ्यांवर सरकत गेला. ट्रकचा मागचा भाग शटरखालून अल्लद आत शिरला. दोन्ही बाजूंना वीतवीत जागा राहिली. केबिन वरच्या तुळईला टेकलं तेव्हा ट्रक थांबला. टेबल, मशीन, दोर, माझी गाठ, सगळं खोलीच्या आत होतं. ड्रायव्हर आणि इंजिन रस्त्यावर होतं.

"मावशी," ही मालकीणबाईंना म्हणाली, "सामान आत आहे. दिसतंय ना डोळ्यांनी?"

"अहो, पण ते ट्रकवर आहे!"

"तुम्ही म्हणालात सामान आत दिसलं पाहिजे. ट्रकवरून उतरलेलं दिसलं पाहिजे, असं तुम्ही नाही म्हणालात."

 मालकीणबाईंच्या गाडीचा हॉर्न वाजत होता. त्यांनी आत डोकावून टेबल पाहिलं, मशीन पाहिलं, आणि गुडघ्यावर बसलेला मोबाईलवाला पाहिला.

"असं बोलायला कुठे शिकलात तुम्ही?"

हिनं माझ्याकडे एकदा बघितलं. "घरी," ती म्हणाली.

माझ्या भाषेच्या अभ्यासाचा घरात झालेला हा पहिला उपयोग. मालकीणबाई हसल्या. मेट्रन हसताना मी प्रथमच पाहिली. त्यांनी पर्समधून किल्ली काढली, हिच्या हातावर ठेवली, हिची मूठ स्वतःच्या हातानं मिटली आणि म्हणाल्या, "ट्रकच्या तेलाचा फरशीवर डाग पडता कामा नये." मग गाडीत बसून गेल्या.

"म्हणजे आता माझा ट्रक इथेच?" ड्रायव्हरनं विचारलं. मी त्याला गाठ दाखवली.

मोबाईलवाल्यानं भिंग वर सरकवलं. झालेला प्रकार त्याच्या आत्ता ध्यानात आला होता. त्याचे हात थांबले. ही त्याला म्हणाली, "दाराशी उजेडाचा कोपरा आहे. मला काय, भिंतीकडची बाजू लागते. मावशींना मी विचारीन फोनवर." त्यानं कोपऱ्याकडे बघितलं, मान डोलावली, भिंग परत डोळ्यावर ओढलं आणि म्हणाला, "ही सोडवल्याशिवाय तसाही मी उठणार नव्हतो."

आता वाट बघण्यापलीकडे कुणालाच काही काम नव्हतं. मी ट्रकवर चढलो आणि छताला डोकं आपटून खाली उतरलो. ही चढली ती बरोबर मावली. तिनं टेबलावरचं पाणी ओढणीनं पुसून काढलं, गाठोडं सोडलं, आणि कुठलंसं कापड दोरांच्या मधून अंथरून त्यावर हात फिरवत उभी राहिली. नुसती उभी राहिली. चारी बाजूंनी खोली होती आणि मध्ये तिचं टेबल होतं. कुणाचं ताट नव्हतं, कुणी आडवं चालत नव्हतं.

"वहिनी," ड्रायव्हर बाहेरून म्हणाला, "इतका वेळ बसायचंच आहे, तर माझा एक शर्ट होईल का? तयार घेतलेला मला खांद्यात बसत नाही."

"इकडे या," ही म्हणाली. "हात सरळ करा."

तो कशीबशी वाट काढत आत आला. तिनं वरूनच वाकून खांदा मोजला, छाती मोजली, हाताची लांबी मोजली, आणि आकडे तोंडातल्या तोंडात घोळवत टेबलाकडे वळली. पर्समधून खडूचा तुकडा काढला. कापडावर पहिली रेघ उमटली. ती अशी रेघ मारते तेव्हा श्वास सोडते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, म्हणजे मास्तरांच्या म्हणण्यात काहीतरी असावं.

किती वेळ गेला कोण जाणे. एकाएकी मोबाईलवाला ओरडला, "सुटली! शेवटचीही सुटली!" भिजलेलं टोक त्यानं दोन्ही हातांनी उंच धरलं होतं. मी धावलो. ड्रायव्हर धावला. आम्ही दोघांनी टेबलाच्या दोन बाजू धरल्या, आणि मी तोंड भरून म्हणालो, "चल, उतरवतो!"

"हात काढा!" ही म्हणाली. तिनं वर बघितलंसुद्धा नाही. "बाहीची गोलाई चाललीय. टेबल हललं तर याद राखा."

आम्ही हात काढले. आणि तिघंही, आवाज न करता, भिंतीला पाठ लावून उभे राहिलो.